दुपारची ओहोटी

"एक वाजून वीस," मी वाचलं. "सतरा."

"सतरा की एकाहत्तर?" देवरुखकरांनी पेन्सिल कागदावर न टेकवता विचारलं.

मी बोट ठेवून पुन्हा बघितलं. एक आधी, सात नंतर. "सतरा."

"काल तुम्ही तेविसाचे बत्तीस केलेत, मामा, आणि माझी रेघ विनाकारण डोंगरावर चढली. आज तिला सरळ चालू द्या."

"एक वाजून तीस. सोळा."

त्यांनी ठिपका दिला. मी पुढच्या ओळी सोडत खाली उतरलो.

कागद ठेवायची खोली केंद्राच्या पाठीमागे होती. खिडकीतून खाली बंदर दिसायचं आणि त्यापलीकडे डिसेंबरातला समुद्र, इतका शांत की तो हलतोय की नाही हे कळायला एखाद्या होडीवर नजर लावून बसावं लागे. दोन्ही कडांना भोकं असलेल्या, घडीघडीच्या कागदाचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. एक घडी उलगडायची, डोळ्यांनी चाळायची, हवी ती ओळ उचलायची. तीन दिवस आमचं हेच चाललं होतं. दुपारच्या वेळी माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटे. माझा बाप होडीच्या पुढच्या टोकाला बसून दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचा आणि खोली पुकारायचा. सहा वाव, साडेपाच वाव, पाच. मागे सुकाणूवर बसलेला माणूस काही न बोलता ऐकत राही. आमचं तसंच होतं. मी पुकारत होतो, देवरुखकर ऐकत होते, आणि कागदावर तळ उमटत होता.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. वेळणे बंदराच्या वरच्या टेकडीवर तेव्हा लाटांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. मी तिथे शिपाई. वय सत्तेचाळीस. त्याआधी मी माझ्या थोरल्या भावाच्या, दाजीच्या, होडीवर होतो. दोराच्या फेऱ्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि जाळं ओढणं संपलं, तेव्हा कुणीतरी मला या टेकडीवर लावून दिलं. कार्यालयात सगळे मला कुबलमामा म्हणत.

केंद्रात एक मोठा संगणक होता. रविवार सोडून रोज दुपारी बारा वाजता त्याच्यावर पुढच्या चोवीस तासांच्या लाटांचं गणित सुरू होई आणि पावणेतीनला संपे. तीन वाजता मी ते उत्तर घेऊन खाली बंदरात जायचो. तिथल्या फळ्यावर लाटेची उंची आणि वाऱ्याची दिशा लिहिली जायची. साडेतीनला होड्या सुटायच्या, त्या फळ्याकडे बघून.

गणित चालू असताना ते स्वतःचीच नोंद लिहीत जाई. त्या नोंदीला लॉग म्हणत. त्यात शेकडो ओळी असत: हे वाचलं, ते मिळालं नाही, अमुक टप्पा झाला. त्या गर्दीत दर दहा मिनिटांनी एक ओळ वेगळी यायची. सुरुवातीला सीपीयू ही तीन इंग्रजी अक्षरं, मग वेळ, मग एक आकडा. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, यंत्राचं डोकं. आकडा म्हणजे त्या वेळी शंभरातलं किती डोकं गणिताच्या वाट्याला आलं ते. हे मला कार्यालयातल्या नेवगीबाईंनी समजावलं होतं. जाळ्यात सतरा जातींचे मासे यावेत आणि आपण फक्त पापलेट वेचावं, तसं मी या गठ्ठ्यातून ती एक ओळ वेचत होतो.

वेचायचं कारण असं होतं. गेला दीड महिना गणित पावणेतीनला संपत नव्हतं. कधी साडेतीन, कधी पावणेचार. मी धापा टाकत खाली पोचायचो तेव्हा होड्या खाडीच्या तोंडाबाहेर गेलेल्या असायच्या. तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका दिवशी मोठी लाट होती आणि फळा कोरा होता. दाजीची होडी तोंडावरच्या खडकावर फुटली. तो आणि त्याचे दोन गडी पोहत आले. माणसं वाचली, पण तीस वर्षांची होडी फळ्या होऊन किनाऱ्याला लागली.

त्यानंतर चौकशी आली. आमचे साहेब, डॉक्टर आंबर्डेकर, मोजक्या शब्दांचे. त्यांचा संशय विशाखा नेवगी या आमच्या संगणकवाल्या बाईंवर होता. बाई कंत्राटावर होत्या, सत्तावीस वर्षांच्या. पीएचडीसाठी त्या किनाऱ्यावरची वाळू कशी सरकते याचं काहीतरी गणित करत. ते फक्त सुट्टीच्या दिवशी चालवायचं, अशी साहेबांची अट होती. दुपारी एक ते अडीच सगळे घरी जेवायला जात आणि किल्ली बाईंकडे राही. साहेबांच्या मते बाई त्या वेळात आपलं काम चोरून चालवत होत्या. त्यांनी संगणकाची खोली कुलूपबंद केली, लाटांचा अंदाज दुसऱ्या केंद्रातून मागवायला सुरुवात केली, आणि लाटांचं गणित सांभाळणाऱ्या देवरुखकरांना हुकूम दिला की दोन महिन्यांच्या लॉगमधून प्रोसेसरचा आकडा वेळेनुसार काढून आलेख मांडा. यंत्राला हात लावायचा नाही, कागदावरून काढा. सोमवारी वरच्या कार्यालयातली माणसं येणार होती. महिनाअखेर बाईंचं कंत्राट संपत होतं. चोरी ठरली असती तर ते वाढलं नसतंच, शिवाय वाळूचं दोन वर्षांचं काम दोन प्रकरणं उरलेली असताना बुडालं असतं, आणि नावाला जे चिकटलं असतं ते वेगळंच.

आणि या बाईंनी मला अक्षरं शिकवली होती.

मी नोकरीला लागलो तेव्हा हजेरीवर अंगठा उठवायचो. बाईंनी एकदा ते बघितलं. दुसऱ्या दिवशी लॉगचा एक कागद घेऊन आल्या. "मामा, यातला पाच शोधून दाखवा," म्हणाल्या. मी म्हटलं, पाच कसा दिसतो? त्यांनी एक दाखवला. मग मी सगळ्या पानावरचे पाच शोधले. आकडे लॉगवरून शिकलो, इंग्रजी अक्षरं लॉगवरून शिकलो, आणि त्याच कागदाच्या कोऱ्या पाठीवर क, ख, ग गिरवले. जेवणाच्या सुट्टीत, दोनच्या सुमाराला, पंधरा मिनिटं आमची शाळा असे, व्हरांड्यात. म्हणून तर देवरुखकरांना मदतीला मी चाललो. दुसरा कुणी शिपाई तो कागद वाचू शकला नसता. मी वाचत होतो आणि माझ्याच आवाजाने बाईंची सुटका दूर जात होती.

त्या दुपारी देवरुखकरांनी शेवटचा कागद संपवला आणि सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडली. ऑक्टोबरची रेघ नव्वदच्या आसपास सरळ चालली होती, पावणेतीनपर्यंत. मग नोव्हेंबरच्या दोन तारखेपासून रोज तोच देखावा. बारा ते एक नव्वद. एकनंतर रेघ एकदम खाली, सोळा-सतरावर. अडीचपर्यंत तशीच तळाशी. मग पुन्हा वर.

"ही ओहोटी आहे," मी म्हटलं.

देवरुखकर हसले. "मामांना सगळीकडे समुद्रच दिसतो."

पण माझं मन त्यात गुंतलं. ओहोटी रोज दोन घटका, म्हणजे पाऊणएक तास, पुढे सरकते. आज एकला असली तर आठवड्याने संध्याकाळी. आमच्या अंगातच ते घड्याळ असतं. ही मात्र सरकत नव्हती. महिना उलटला तरी एकच्या सुमाराला सुरू, अडीचला बंद. म्हणजे ही चंद्राची नव्हती, माणसांच्या जेवणाची होती.

"आणि हे बघितलंत?" देवरुखकरांनी पेन्सिलीने चार-पाच पानांवर टिचकी मारली. "दर सोमवारी रेघ सरळ. खड्डा नाही. साहेबांचा सोमवारचा उपवास. ते घरी जात नाहीत, संगणकापाशीच बसून त्याच्यावर टपाल बघतात. साहेब खोलीत असले की चोरी नाही, साहेब नसले की चोरी. आणखी काय पुरावा पाहिजे?" त्यांचा आवाज मात्र खाली गेला होता. "वाईट वाटतं हो. पण लॉग गणिताला किती मिळालं तेवढंच लिहितो, उरलेलं कुणी खाल्लं ते लिहीत नाही. त्या वेळी खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती."

मी उकिडवा बसून दोन नोव्हेंबरच्या पानाकडे बघत राहिलो. ती तारीख मला लॉगशिवायही माहीत होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एक सबंध पान न अडखळता वाचलं होतं. बाई इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "थांबा, तुम्हाला बक्षीस." मला संगणकाच्या खोलीत नेलं, पडद्यासमोर बसवलं आणि माऊस फिरवत काहीबाही केलं. "आता कुणी हात लावायचा नाही. दहा मिनिटं गप्प बसायचं."

आम्ही बसलो. पडदा काळा झाला, मग हळूहळू निळा. आणि तळातून मासे वर आले. खोटे होते ते मला कळत होतं, पण त्यांच्या अंगावर पाण्यातून उतरलेला उजेड हलत होता. एकाच्या शेपटीमागे पाणी थरथरत होतं. मी तीस वर्षं मासे बघितले ते वरून, हवेत तडफडणारे. खाली, आपल्या घरात, कुणाची भीती नसताना ते असे चालतात हे मी कधी बघितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पडदा रिकामा राहिला की हे आपोआप येतात. कुणी हात लावला की जातात. तुम्ही दुपारी झाडायला येता ना? तेव्हा बघत जा."

मग रोज दुपारी मी जायचो. फरशी पुसून व्हायची. टेबल पुसायला फडकं लावलं की माऊस हलायचा आणि मासे नाहीसे व्हायचे, म्हणून मी टेबल पुसायचंच सोडलं. शाळेची पंधरा मिनिटं सोडली तर स्टुलावर बसायचो, फडकं मांडीवर. खोलीत थंड हवा, यंत्राची एकसुरी घरघर, आणि तो निळा उजेड माझ्या हातांवर. कधी कधी वाटे, मी पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणाच्या तरी होडीचा तळ सरकत जातोय. अडीचला बाई यायच्या, माऊसला हात लागायचा आणि मी वर यायचो. सोमवारी साहेब असायचे, त्या दिवशी टेबल स्वच्छ पुसायचो.

देवरुखकर पानं गोळा करत होते. मी उठून बाहेर आलो.

बाई व्हरांड्याच्या टोकाला बसल्या होत्या. खोली बंद झाल्यापासून त्यांना काम नव्हतं, आठ तास नुसतं हजर राहायचं. समोर वाळूच्या नकाशांची वही होती, पण ती बंद. मला बघून त्या म्हणाल्या, "झालं का, मामा?"

"झालं."

"काय निघालं?"

"एक ते अडीच ओहोटी. सोमवार सोडून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मी काही चालवलेलं नाही, मामा. तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"आहे. म्हणून तर एक विचारायला आलोय. ते मासे, बाई. त्यांना पोहायला डोकं लागतं का? यंत्राचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, जसे मी अवघड शब्द जुळवताना माझे हलायचे. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. किनाऱ्यावर लाट मागे जाते आणि ओली वाळू बघता बघता फिकी पडते, तसा.

"लागतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक मासा यंत्र दर क्षणाला नव्याने काढतं. उजेडासकट. देवा." त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. "दुपारी मी इथे बाहेर असायची. चालू गणिताच्या डोक्यावर ते मासे बसलेत हे मला एकदाही सुचलं नाही."

"मग साहेबांना सांगू. चोरी नव्हती म्हणून."

"सांगून काय होणार? विचारल्याशिवाय यंत्रात काही घालायचं नाही, असा लेखी नियम आहे. माझी सही आहे त्याच्यावर. आणि त्यापायी फळा कोरा राहिला, होडी फुटली. चोर नाही तर निष्काळजी. कंत्राट जाईल ते जाईलच." मग एकदम थांबल्या. "होडी तुमच्या भावाची होती ना?"

मी हो म्हटलं. आमच्या दोघांच्या मध्ये ती होडी येऊन उभी राहिली. उठताना बाई एवढंच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका, मामा. मला सोमवारपर्यंत विचार करू दे."

मी तेवढंही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी साहेब खुर्चीत बसायच्या आत मी त्यांच्या दारात उभा होतो. म्हटलं, साहेब, खोली उघडा. कुणी चोरी केलेली नाही, मी दाखवतो.

साहेबांनी मला आपादमस्तक बघितलं. पण किल्ली काढली. देवरुखकरांना आणि बाईंना बोलावून घेतलं. मी काय सांगतोय ते ऐकून देवरुखकरांनी कपाळावर हात मारला, गणित सुरू केलं आणि त्याच्या नोंदीत दर मिनिटाला आकडा पडेल असं केलं. मग बाजूच्या खोलीतल्या पडद्यावर ती नोंद उघडून ते दाराशी बसले. साहेब, बाई आणि मी मोठ्या यंत्रासमोर. आता पुकारायची पाळी देवरुखकरांची होती.

"नव्वद," ते म्हणाले. "एक्याण्णव. नव्वद."

दहा मिनिटं कुणी हललं नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात पाठीमागे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडदा काळा झाला. मग निळा. तळातून पहिला मासा वर आला, त्याच्यामागे दुसरा, पिवळ्या पट्ट्यांचा. साहेबांच्या चष्म्यावर तो निळा उजेड हलायला लागला.

"सोळा," बाजूच्या खोलीतून आवाज आला. "साहेब, सोळा. सतरा. सोळा."

साहेबांनी माऊसला बोट लावलं. मासे गेले.

"एकोणनव्वद."

साहेब परत मागे टेकले, आणि मला वाटलं आता ते बोलतील. पण ते पुन्हा दहा मिनिटं थांबले. मासे पुन्हा आले. बराच वेळ साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही. मग त्यांनी खुर्ची फिरवली.

"हे यंत्रात कुणी घातलं?"

बाईंच्या पाठीमागच्या हातातल्या बांगड्या एकदा वाजल्या. त्या बोलणार होत्या की नव्हत्या, ते सांगता येणार नाही. मी त्यांना वेळच दिला नाही.

"मी घातलं, साहेब."

"तुम्ही? तुम्हाला येतं?"

"बघून बघून आलं."

"दाखवा."

हे मी धरून चाललो नव्हतो. पण खाडीच्या तोंडातून होडी काढताना खडक दिसत नसतात. बाप एकदा काढून दाखवतो आणि आपल्या अंगाला ती वळणं लक्षात राहतात. बाईंचा हात त्या दिवशी कसा गेला ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. उजवी कळ. यादीतली शेवटची ओळ. मग वरच्या पट्टीतला दुसरा खण. मी उजव्या हाताने माऊस धरला आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून ओठात जुळवत गेलो. एकदा चुकलो, मागे आलो. मासे काढले. यादीत त्यांच्या नावावर टेकलो आणि पुन्हा लावले. मग कायमचे काढून टाकले.

साहेबांनी विचारलं, बाईंनी शिकवलं का?

"बाईंनी अक्षरं शिकवली," मी म्हणालो. "हे माझं मी केलं. दुपारी बसून बघायला बरं वाटायचं."

दारातून देवरुखकर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर एकही विनोद नव्हता. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. बाई जमिनीकडे बघत होत्या. त्या बोलल्या नाहीत.

साहेबांनी मला जबाब लिहायला सांगितलं. ते कारकुनाला बोलावणार होते, पण मी म्हटलं, लिहितो. सहा ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलेला तो पहिला मजकूर, आणि त्यातली चौथी ओळ खोटी होती.

सोमवारी माणसं आली, आलेख बघितले, माझा जबाब बघितला आणि गेली. बाईंचं कंत्राट एक वर्षाने वाढलं. मला आत जायला बंदी झाली आणि फाटकावर बसवलं. मला नोकरीत कायम करायचा कागद तयार होता, तो मागे राहिला. त्याचं मला फारसं वाटलं नाही. फाटकावर वारा चांगला लागायचा. दुसऱ्या दिवसापासून अंदाज पावणेतीनला यायला लागला. दुसरा शिपाई तो घेऊन माझ्यासमोरून खाली जायचा, आणि फळ्यावर आकडे लिहून झाल्यावर होड्या सुटायच्या. वरून त्या मोजताना मला वाटे, हे जमलं, बस.

दाजीचं मात्र मी धरलं नव्हतं. बंदरात काय लपतं? चार दिवसांत सगळ्यांना कळलं की लाडू कुबल, म्हणजे मी, पडद्यावर मासे बघत बसला म्हणून फळा कोरा राहिला. बाजाराच्या दिवशी दाजी मला भर माणसांत आडवा आला. तो ओरडला नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "पडद्यावरचे मासे बघलंस, आणि समुद्रातली माणसां इसारलंस."

मला खरं सांगता आलं असतं. पण दाजीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत ते टेकडीवर पोचलं असतं. शिवाय त्याचं म्हणणं सबंध खोटं तरी कुठे होतं? मासे कुणीही लावलेले असोत, बघत मीच बसलो होतो. मी गप्प राहिलो. त्यानंतर त्याने माझ्या घराची पायरी चढली नाही. गणपतीत नाही, दिवाळीत नाही. वाटेत दिसला की तोंड फिरवायचा, आणि पुढे जाऊन मला ऐकू येईल अशा बेताने शिव्या द्यायचा. माझी बायको इंदू पहिल्यांदा रडली, मग त्याच्याशी भांडली, मग तिने तो विषय सोडला. खरं मी तिलाही सांगितलं नव्हतं.

आणि बाई रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोरून ये-जा करायच्या. सुरुवातीला त्यांची चाल फाटकापाशी जड व्हायची, पाऊल अडायचं. मी रजिस्टरात डोकं घालायचो. पुढे त्यांनी थांबणं सोडलं. त्यांच्यावर उपकार म्हणून मी ते केलं नव्हतं, त्यामुळे मला राग यायचं कारण नव्हतं. पण दुपारी दोनच्या सुमाराला, ऊन व्हरांड्यात शिरलं की, माझी नजर आपोआप तिकडे जायची. तिथे कुणी नसायचं. पुढची अक्षरं मी शेवेच्या पुड्यांच्या कागदांवर शिकलो.

वर्ष गेलं. बाईंचं वाळूचं काम पुरं झालं, पदवी मिळाली, आणि दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. शेवटच्या दिवशी दुपारी त्या एक पेटी आणि खांद्यावरची पिशवी घेऊन फाटकाशी आल्या. मी दार उघडलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि वाकून माझ्या पायाला हात लावून गेल्या. मला काही सुचायच्या आत त्या वाटेला लागल्या होत्या.

एसटीचा थांबा उजवीकडे होता. बाई डावीकडे वळल्या.

मी फाटकावरून बघत राहिलो. ती पायवाट खाली कोळीवाड्यात जाते, दुसरीकडे कुठेच नाही. त्यांची छत्री नारळांमधून दिसत-नाहीशी होत खाली उतरत गेली. किनाऱ्यावर दाजी नव्या होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस भरत बसला होता. छत्री त्याच्यापाशी जाऊन थांबली. एवढ्या उंचीवरून आवाज येत नाही. दोन ठिपके दिसत होते, एक उभा, एक बसलेला. समुद्र त्यांच्या मागे निवांत पसरला होता. बराच वेळ दोन्ही ठिपके हलले नाहीत. मग बसलेला उभा राहिला. मी फाटक सोडून दोन पावलं पुढे आलो, कारण दाजी रागावला की काय करेल याचा नेम नसतो. पण तो नुसता उभा राहिला. थोड्या वेळाने छत्री परत निघाली, आणि दाजी तिच्यामागून पेटी डोक्यावर घेऊन चालला होता. थांब्यापर्यंत.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर दाजी माझ्या ओट्यावर बसलेला. हाताला अजून डांबर लागलेलं. इंदू दारात उभी होती, आत बोलवावं की नाही या विचारात. मी त्याच्या शेजारी बसलो. दोघेही समोर बघत होतो.

"ती बाय इली होती," दाजी म्हणाला. "तिणां सगळा सांगल्यान. रडत होती."

मी ओट्यावरची वाळू हाताने झाडली.

"आणि तू वरीसभर गप रवलंस. माझ्याकडे पण."

"तुझ्या पोटात रवला असता?"

त्याने विचार केला. "नाय रवला असता," तो कबूल झाला. मग हातावरचं डांबर नखाने खरवडत बसला. ते निघत नव्हतं. शेवटी तसाच हात खाली ठेवून तो म्हणाला, "वरीसभर तुका गाळी घातलंय. रोज नवी शोधून. त्यो आता कोणाक घालू?"

इंदू आतून हसली. आम्हाला ऐकू आलं. मी तिला चहा टाकायला सांगितलं. दाजीने तो बशीत ओतून घेतला, सावकाश संपवला, आणि दुसरा कप स्वतःहून मागितला.